पुसून दिलेला चष्मा

दिवस मावळला की घरात दिवा लावायचा, यात भांडण्यासारखं काय आहे? पण परमेश्वरच्या घरात त्या उसाच्या हंगामात रोज दिव्यावरूनच कुरबूर व्हायची. सत्यभामा ताट वाढायची आणि हा माणूस भिंतीकडं तोंड करून म्हणायचा, "तेवढा बल्ब बंद कर गं."

"आन् जेवायचं कसं? चाचपडत?"

"बाहेरच्या खांबावरचा उजेड यतोय की. बल्ब डोळ्यात घुसतोय."

"अख्ख्या गल्लीच्या डोळ्यात घुसत न्हाई, तुमच्याच घुसतोय. कावून?"

परमेश्वर नुसता हसायचा आणि भाकरी मोडायचा. भाकरी नीट मोडायची, कोरड्यासाची वाटी मात्र लगेच सापडायची नाही. बोटं ताटाच्या कडेकडेनं फिरत वाटीपाशी जायची. सत्यभामा ते बघायची. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात जन्मलेली बाई ती. कळपातली कोणती मेंढी पाय टाकताना बिचकते, हे तिला लांबून कळायचं. नवरा बिचकतोय हे कळायला कितीसा वेळ लागणार? पण मेंढीचं तोंड धरून डोळा बघता येतो. नवऱ्याचं तोंड कोण धरणार!

परमेश्वर मूळचा धारूरच्या डोंगराकडचा. कोकराचा पाय मोडला तर तो दोन बोटांत धरून सरळ करायचा आणि कामट्या लावून बांधायचा, हे पोरपणापासून त्याच्या हातात बसलेलं. डॉ. अमरसिंहांनी माजलगावात हाडांचा दवाखाना काढला तेव्हा तो शिपाई म्हणून लागला. एकदा ऑपरेशनच्या खोलीत, म्हणजे थेटरात, पेशंटचा पाय धरायला माणूस कमी पडला म्हणून त्याला आत बोलावलं. त्यानं पाय असा धरला की डॉक्टर म्हणाले, "परमा, आता हलू नको." त्यानंतर तो हललाच नाही. लेक वैष्णवी रांगत होती, ती कॉलेजात जायला लागली, तरी हा पाय धरूनच उभा.

थेटरात कमानीसारखं एक मशीन असतं. डॉक्टर पायानं पायडल दाबतात, टीं असा आवाज होतो आणि आतलं हाड टीव्हीवर दिसतं. सळई नीट गेली का, तुकडे जुळले का, हे बघायला पायडल पुन्हा पुन्हा दाबावा लागतो. दर टीं ला मशीनमधून एक्स-रेचे किरण निघतात, पेशंटच्या अंगावर आपटतात आणि तिथून चहूकडं उडतात. मशीनच्या सगळ्यात जवळ कोण? पाय धरणारा. बाकीचे दोन पावलं मागं सरकू शकतात. त्यानं सरकायचं म्हटलं तर पाय सुटणार.

किरणांपासून जपायला त्याच्याकडं दोन वस्तू होत्या. एक शिशाचा जड ऍप्रन, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. दुसरा छातीवरचा छोटा बिल्ला, सरकारी नियमाप्रमाणं मिळालेला. बिल्ला घातला की किरण लागत नाहीत, असं परमेश्वरनं बायकोला सांगितलं होतं. त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. सरकार देतं, छातीवर लावायला लावतं, म्हणजे ताइतासारखी राखणारीच वस्तू असणार, असं त्यानं धरलं. सत्यभामा दर रविवारी देवाला भंडारा वाहायची, तेव्हा बोटभर भंडारा त्या बिल्ल्यालाही लावायची. त्याच्या कडेला पिवळा डाग कायमचा बसला होता.

आणि एक चष्मा होता. जाड शिशाच्या काचांचा, कडेनंही झाकलेला. मशीनसोबत एकच आला होता, तो साहेबांचा. साहेब हात धुऊन, हातमोजे घालून तयार झाले की त्यांना स्वतःच्या तोंडाला हात लावता यायचा नाही. मग परमेश्वर मऊ फडक्यानं दोन्ही काचा पुसायचा, उजेडापुढं धरून बघायचा आणि अलगद साहेबांच्या कानांवर बसवायचा. काम झालं की काढून डब्यात ठेवायचा. खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची, तेव्हा चष्म्यालाही हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल मिळायचं. इतक्या वर्षांत परमेश्वरनं तो एकदाही स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिला नाही. साहेबांची वस्तू ती!

त्या वर्षी शेवटी सत्यभामानं नवऱ्याला खोदून खोदून विचारलंच. तेव्हा तो म्हणाला, "मोतीबिंदू धरलाय म्हणतेत. मेडिकलवाल्यानं टॉर्च लावून बगितला."

"तुमच्या वयाला? आवं, आजून तुमच्या मिशीचा केस पांढरा न्हाई!"

"मिशीचा आन् डोळ्याचा काय समंध?"

"मंग चला की काढायला."

"पिकू तर दे. कच्चा काढत न्हाईत."

शेजारची जानकीबाई दारात तांदूळ निवडत होती. ती लगेच म्हणाली, "खरं हाय बाई. माझ्या सासऱ्याचा चांगला पिकवूनच काढला होता. कच्चा काढला की बिघडतंय." मोतीबिंदू म्हणजे जणू झाडाचा आंबा, आढीत घालायचा आणि वाट बघायची!

खरं कारण त्यानं दोन दिवसांनी, कूस बदलता बदलता सांगितलं. "साहेबाला कळलं तर थेटरातून बाहेर बसवतेल. उसाचा हंगाम हाय. दोन-दोन ट्रॉल्या लावून टॅक्टर पळतेत, उलटतेत, आन् तोडणाऱ्यांची लेकरं मोडलेले पाय घिऊन यतेत. ते पाय कोण धरील? कारखान्याचा पट्टा पडू दे, हंगाम सरू दे, मंग जाऊ."

"आन् दिसंना तर धरणार कसं?"

"धरायला डोळे कशाला लागतेत? हात हायेत की."

सत्यभामानं कूस बदलली.

पट्टा पडायच्या आधीच एका संध्याकाळी परमेश्वर डोकं धरून घरी आला. उजवा डोळा लालभडक झालेला. वांती झाली. दिव्याभोवती रंगांचं कडं दिसतंय म्हणाला. "अर्धशिशी हाय," म्हणत त्यानं डोक्याला फडकं बांधलं, गोळी गिळली आणि सकाळी कामाला गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्या दिवशीही. तिकडं साहेबांनी विचारलं तर म्हणाला, "धुराळा गेलाय."

रविवारी वैष्णवी अंबाजोगाईहून आली. एक्स-रेचा कोर्स तिचा नुकताच संपला होता. बापाचा डोळा बघितला आणि तिनं पिशवी खांद्यावरून खाली ठेवलीच नाही. "दादा, चपला घाला," एवढंच बोलली.

अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टर स्वप्नालीबाई होत्या. तरुण, बारीक चणीच्या, आवाज मात्र मोठा. त्यांनी डोळा बघितला, पुन्हा बघितला, मग खुर्ची पुढं ओढून सत्यभामाच्या समोर बसल्या.

"ताई, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फुगला. आतल्या पाण्याची वाट अडली, दाब वाढला आणि मागची नस मेली. ह्या डोळ्यानं आता दिसणार नाही."

"नवं भिंग बशिवलं तर?"

"तार जळाल्यावर बल्ब बदलून काय उपयोग? डाव्या डोळ्याचं करू, तो वाचेल. आधी आला असता तर दोन्ही वाचले असते."

"पिकायची वाट बगत व्हतो," परमेश्वर हळू म्हणाला.

"ती आजोबांच्या वेळची गोष्ट, काका. आता कुणी पिकायची वाट बघत नाही. काम काय करता तुम्ही?"

परमेश्वरची मान जरा वर झाली. "मी पाय धरतो." मग वैष्णवीनं मशीनचं सगळं सांगितलं.

"डोळ्यांना चष्मा?"

"साहेबाला असतो."

"आणि तुम्हाला?"

"मला बिल्ला हाय की!" त्यानं बंडीच्या खिशातून बिल्ला काढून पुढं केला. "ह्यो बगा. एक दिस चुकवला न्हाई."

स्वप्नालीबाईंनी तो पिवळा डाग पाहिला. त्यांचा मोठा आवाज एकदम लहान झाला. "काका, हा राखत नाही. हा फक्त मोजतो."

"मोजतो?"

"अंगावर किती किरण पडले ते. तेही छातीवर, ऍप्रनच्या आत. तुमचे डोळे उघडे होते. त्यांच्यावर किती पडले, हे याला काय माहीत?"

परमेश्वर बिल्ला हातात उलटासुलटा करत राहिला. मग लहान लेकरासारखा म्हणाला, "मंग ह्यो... मला सांभाळत न्हवता?"

सत्यभामाला वाटलं, धरणी फाटावी. दर रविवारी तिनं भंडारा लावला होता.

"मी म्हणणार नाही की हे फक्त किरणांमुळंच झालं," स्वप्नालीबाई म्हणाल्या. "पण हे वय, आणि भिंगाच्या मागच्या अंगाला धरलेला मोतीबिंदू. बोट किरणांकडंच जातं. पूर्वी वाटायचं, पुष्कळ किरण लागले तरच भिंग बिघडतं. मग कळलं, त्याहून कितीतरी थोड्यांनीही बिघडतं. म्हणून जगातल्या जाणकारांनी डोळ्यांसाठीची मर्यादा खूप खाली आणायला सांगितली. पण कागदावर मर्यादा कितीही खाली आणा, खोलीत चार माणसं आणि चष्मा एकच असेल तर ती मर्यादा पाळायची कुणी?"

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. परमेश्वर घरी आला. सत्यभामा त्याच्या उजव्या बाजूला चालायला लागली, कारण त्या बाजूनं येणारी मोटरसायकल त्याला दिसायची नाही. ती बाजू आता तिची झाली.

आठवडाभरानं डॉ. अमरसिंह घरी आले, हातात फळांची पिशवी. माणूस वाईट नव्हता. गोरगरिबांना नाडणारा नव्हता, परमेश्वरला भावासारखं वागवायचा. उंबऱ्यात पाय ठेवताच त्यांचे डोळे भरले.

"परमा, मला सांगायचं ना रे!"

"सांगून काय व्हतंय साहेब. बसा. सत्ये, च्या टाक."

चहा झाला. डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, मी ठरवलंय. परमाची जागा बाहेरच्याला द्यायची नाही. वैष्णवीचा कोर्स झालाय, तीच येऊ दे. घरचं माणूस घरात. मशीनही तीच बघेल, पायही धरेल. उद्यापासूनच आली तर बरं. मोहनरावांच्या आईचं, बायनाबाईंचं, खुब्याचं हाड मोडलंय. मोहनराव म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, पुढारी माणूस, सारखा फोन चालू आहे."

परमेश्वरचा चेहरा किती दिवसांनी उजळला. वैष्णवीही हसली, आपल्या गावात, बापाच्या जागेवर काम! सगळ्यांनी सत्यभामाकडं पाहिलं. ती कपबशा गोळा करत होती. त्या तिनं पुन्हा खाली ठेवल्या.

"साहेब, एक इचारू? रागवू नका."

"विचारा ना वहिनी."

"थेटरात चष्मे किती हायेत?"

"एक आहे. पण वहिनी, बिल्ल्यांचे आकडे दर वेळी तपासून येतात. परमाचा आकडा कधी मर्यादेबाहेर गेला नाही. सगळं नियमात होतं."

"बिल्ला छातीवर व्हता. डोळे वर असतेत साहेब."

"ए, गप की!" परमेश्वर खेकसला. "साहेबाला काय बोलती!"

"तो चष्मा रोज कोण पुसायचं?"

"परमा," डॉक्टर म्हणाले.

"आन् घालायचं कोण?"



"साहेबानं कधी नगं म्हणलं न्हाई," परमेश्वर घाईघाईनं म्हणाला. "मीच मागितला न्हाई."

"हौ! तुमी मागितला न्हाई, त्यांनी इचारलं न्हाई. दोघंबी लई भले. तुमच्या भलेपणात डोळा गेला!"

डॉक्टरांनी मान खाली घातली. नंतर बोलले ते स्वतःशीच बोलल्यासारखे. "तो माझ्या कानांवर चष्मा ठेवायचा तेव्हा त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर लांब असायचं. रोज. त्याचे डोळे उघडे आहेत, हे मला दिसलं नाही. अरे देवा, हे मला एकदाही दिसलं नाही!"

"चष्मे मागवतो," थोड्या वेळानं ते म्हणाले. "पण यायला दोन-तीन दिवस लागतील. उद्याचं एक ऑपरेशन तेवढं..."

"एकच दिवस, व्हय ना?" सत्यभामा म्हणाली. "ह्यांचाबी एकच दिवस असायचा, साहेब. रोज एकच दिवस. पोरगी तुमच्याकडं यील. तिला काम पायजे आन् आमालाबी पायजे. पण तिच्या डोळ्यावर चष्मा चढल्याबिगर ती त्या खोलीत पाय ठिवणार न्हाई."

वैष्णवी पुढं आली. ती म्हणाली, "सर, मला कॉलेजात हे सगळं शिकवलंय. चष्मे हवेत, मधे शिशाची काच हवी, डोळ्यांजवळ वेगळा बिल्ला हवा. आणि पाय ताणून धरणारं टेबल मिळतं, दर वेळी माणसानं धरायची गरज नाही. मला सगळं माहीत होतं, सर. दादाच्या डोळ्यांवर काय असतं हे विचारावं, एवढं मात्र मला कधी सुचलं नाही." आणि ती रडायला लागली.

डॉक्टर उठले. फळांची पिशवी उंबऱ्यापाशी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सत्यभामा दवाखान्यात गेली, परमेश्वरचा डबा आणि चपला आणायला. व्हरांड्यातच तिला मोहनरावांचा आवाज ऐकू आला. असा की शेजारच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकंही रस्त्यावर आली.

"चष्म्यापायी माझी माय ताटकळत ठिवता? काय चेष्टा लावली का डॉक्टर?"

"चेष्टा नाही, मोहनराव. माझ्याकडं चष्मा एकच आहे आणि आत चार माणसं उभी राहतात. बाकीचे चष्मे परवा येतील. तोवर मशीन चालू होणार नाही."

"इतकी वर्षं चाललं की तसंच!"

"चाललं. म्हणूनच परमेश्वरचा डोळा गेला."

मोहनरावांनी हातातला फोन खिशात घातला. मागच्या साली ट्रॉलीखाली सापडलेल्या त्यांच्या पुतण्याचा पाय परमेश्वरनंच धरला होता.

"आईंना दुखणार नाही अशी औषधं चालू आहेत," डॉक्टर म्हणाले. "थांबायचं नसेल तर बीडला नेण्याची सोय मी स्वतः करून देतो, आत्ता. पण माझ्या थेटरात उघड्या डोळ्यांनी आता कुणी उभं राहणार नाही."

आतून बायनाबाईंचा खणखणीत आवाज आला. "मोहन्या, उगं वरडू नको! पाय माझा मोडलाय का तुजा? दोन दिस मी थांबते. त्या लेकरांचे डोळे फोडून मला कुठं धावायला जायचंय?"

सत्यभामानं डबा आणि चपला घेतल्या आणि हे परमेश्वरला सांगायला ती घराकडं निघाली.

ठरल्या दिवशी चष्मे आले, पाय ताणून धरणारं टेबलही आलं. वैष्णवीचा पहिला दिवस म्हणून परमेश्वरही दवाखान्यात गेला. थेटराच्या दाराशी लेक चष्मा घालून उभी राहिली. त्यानं दोन्ही हातांची बोटं तिच्या कानशिलांवरून, काचांच्या कडेकडेनं फिरवली. मोडलेलं हाड चाचपावं तशी.

"कडंला फट ऱ्हायली का?"

"नाही, दादा."

"हितं उलीशी हाय. पट्टी आवळ." त्यानं स्वतःच आवळली. "आन् पाय टेबलाला बांधला की तू मागं सरक. मी सरकलो न्हाई, तू सरक."

दार लागलं. आतून टीं वाजलं. परमेश्वर बाकावर बसला होता, सत्यभामा त्याच्या उजव्या बाजूला.

"दर टीं ला मी टीव्हीकडं बगायचो," तो म्हणाला. "मोडलेलं हाड जागेवर बसताना लई चांगलं दिसतंय गं. तुला कधी दाखवलं न्हाई."

सत्यभामानं त्याचा हात धरला. टीं पुन्हा वाजलं. त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. नस मेली तरी डोळ्याला रडता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

वाचणाऱ्या भावांनो, बहिणींनो, आपल्या कामाच्या जागी कुठं किरण असतील, कुठं ठिणग्या, कुठं नुसती भुकटी. जपायच्या वस्तूही असतात, पण त्या मानाप्रमाणं वाटल्या जातात: मोठ्या खुर्चीला आधी, आणि जो धोक्याला खेटून उभा असतो त्याला उरल्या तर. ही वाटणी मोडा. जो जवळ उभा त्याला आधी द्या. इजा जिथं होते तिथं मोजा. मागायची लाज सोडा, आणि कुणी मागण्याची वाट बघू नका. एवढ्यासाठी काम थांबवावं लागलं तर थांबवा. बायनाबाईंचं ऑपरेशन दोन दिवस थांबलं होतं. त्या आज काठी टेकत दारोदार गप्पा मारत फिरतात. परमेश्वरचा उजवा डोळा मात्र कितीही दिवस थांबलं तरी आता बघणार नाही.